सावलीत वाळवलेली शेड

रविवार, दिवेलागणीच्या आधी

स्वयंपाकघरातल्या दिव्याची प्लास्टिकची शेड आज मी धुतली, आणि चांगलीच धुतली. तिच्या बारीक खाचांत भरताच्या वांग्यांचा धूर आणि फोडणीचं तेल बसलं होतं. दिवा बंद करून शेड गार झाल्यावर काढली. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, जुना मऊ टूथब्रश. घासणी नाही, थिनर तर नाहीच. मग सावलीत वाळवली. सावलीतच. जळगावचं ऊन पापडांना ठीक, प्लास्टिकला नाही.

सासूबाईंना, आमच्या अक्कांना, हाताखाली बोलावलं तर त्या दारातच थांबल्या. “तूच कर माय, मना हात जड शे.” मागची शेड आपण जोरात घासली म्हणून वाकडी झाली, असं त्या दोन वर्षं धरून बसल्यात.

घासली त्यांनीच. पण गच्चीवर उन्हात मी ठेवली होती. तेव्हा गप्प का बसले? आणि आज त्यांनी “सावलीमा का बरं?” विचारलं, तेव्हा “असंच” का म्हणाले?

शेड लख्ख झालीय. बटण अक्कांनाच दाबायला लावते, आणि त्या उजेडात त्यांच्या तोंडाकडे बघून सांगते.