खड्ड्यातली खडीसाखर

९ फेब्रुवारी १९८६
आई पहाटे गेली. दुपारी शेतात बांधाजवळ तिला बसवले. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्डा थोरला भाऊ मारुतीदादा, चुलतभाऊ किसन आणि मी, तिघांनी खणला. छातीएवढे गेल्यावर काळी माती संपली, पिवळट लागली आणि तिच्यात पांढरे चकाकते खडे. कि. कुदळ टेकून थांबला. म्हणाला, "दादा, खडीसाखर हाय ही." सगळे वाकून बघू लागले. बायांनी हात जोडले.
जिप्सम होते. नखाने ओरखडा उठत होता. माती तपासायच्या प्रयोगशाळेत रोज नमुन्यांच्या पिशव्या सोडतो, मला दिसले नाही असे नाही. पण आई वर घोंगडीत होती. बोललो नाही.

११ फेब्रु.
तिसरा दिवस. दूध घालायला गेलो तर निम्मे गाव हजर. जिच्या शेळ्या बांधावर दिसल्या की शिव्या घालायचे, तिला आता 'माय' म्हणतात. कि.ची बायको पदरातून खडे वाटत होती. एका म्हाताऱ्याने जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाला, "गोड लागायलाय."
जिप्समला चव नसते.
कि. सगळ्यांना सांगत होता, काकू पुण्यवान व्हती, आपल्याला वळखू आली न्हाई. आई याला आयतोबा म्हणायची, तोंडावर. तिने हे बघितले असते तर म्हणाली असती, खाय बाबा, दात पाडून घे.

१४ फेब्रु.
परभणी. कामावर हजर. एक खडा रुमालात आणला होता. ॲसिड टाकले, फसफसला नाही, म्हणजे चुनखडी नाही. बेरियमने पांढरा साका, म्हणजे जिप्समच. प्रश्नच नव्हता. तरी केले.
साहेबांनी विचारले, नमुना कुठला? म्हणालो, घरचा. त्यांनी न बघता लिहिले, 'निचरा सुधारावा.' बुटाला चिखल लागेल म्हणून हा माणूस कधी शेतात उतरला नाही. निचरा मात्र सगळ्या जिल्ह्याचा सुधारतो.
खाराने घट्ट झालेल्या चोपण जमिनीला घाला म्हणून हेच जिप्सम पोत्याने देतो आम्ही. लोक पोती तशीच ठेवतात आणि त्यांवर बसून विड्या ओढतात. थडग्यातून निघाले की जिभेवर.

१८ फेब्रु.
दहावा. नामांतराच्या मोर्चामुळे एस.टी. बंद, पेडगावपासून चालत गेलो.
आईच्या भोवती खड्डे. लहानमोठे अकरा. एक तिच्या खांद्यापासून हातभरावर. कडेला कुणाची तरी खुरपी राहिलेली. आणखी दोन दिवसांनी आत आईच लागली असती.
दादाला विचारले. तो म्हणाला, लोकाला कसं आडवावं, भक्तिभावानं येतेत. वहिनी आत निघून गेल्या.
कि. सिमेंटचा चौथरा बांधायला निघाला आहे. मी सांगितले, इथे सिमेंट टिकणार नाही. कॅनॉलचे पाणी आले तेव्हापासून मुरलेले पाणी खालून वर चढते, वाळते, खार मागे राहतो. तो सिमेंटात शिरून फुगतो. आपल्या विहिरीच्या सिमेंटच्या कड्यांचे पीठ झाले ते त्यानेच. बोट लावले तरी पोपडा पडतो.
कि.ने तंबाखू मळत सगळे ऐकले. मग म्हणाला, "बापू, तुमी मायला बी बाटलीत घालून तपासलं म्हणा की." लोक हसले. दादाही हसला.
तेव्हा मी म्हणालो, ते विष आहे. प्रयोगशाळेत निघाले. खाल्ले तर आतडी सडतात.
इतक्या वर्षांत नमुन्याबद्दल खोटे बोललो नव्हतो. आवाजही कापला नाही. एकाने तोंडातला खडा हळूच थुंकला.

२१ फेब्रु.
तेरावा. नवीन खड्डा नाही. चौथऱ्याची गोष्ट नाही. पंगतीत लोक माझ्याकडे बघून पत्रावळीवर वाकत होते. कि.च्या बायकोने बुंदी तीनदा घेतली.
मला बरे वाटले. लिहून ठेवतो, कारण ते खरे आहे.

२७ फेब्रु.
गावचा एक जण बाजारात भेटला. तेराव्यापासून कि.ची बायको पोट धरून पडली आहे. बुंदीचे नाव कुणी काढत नाही. खड्यांचे काढतात. शेताकडची पाऊलवाट बंद, लोक मसोबाकडून वळसा घालतात. म्हातारी जाताना रान नासवून गेली, असे बोलतात. हाही बोलला. मग मी कोण हे आठवून कांद्याचा भाव विचारू लागला.
सोळा दिवसांत देवी केली आणि उतरवली. यांची चीड यावी इतकीही किंमत या लोकांना देऊ नये. तरी येते.

५ मार्च
दादा खोलीवर आला. पहिल्यांदाच. उंबऱ्याच्या आत बसला नाही.
गहू पिकून उभा आहे. एक बाई कापणीला यायला तयार नाही. दुप्पट देतो म्हणाला तरी नाही. वहिनीही त्या रानात पाय ठेवत नाहीत. दाणे गळू लागले.
"खरं सांग. काय हाय ते?"
मातीतला खार, म्हणालो. मीठ असते तसे. विष नाही.
तो म्हणाला, "ती जित्ती असताना तिला चेटकीण म्हणायची कुणाची छाती झाली न्हाई. तू केलंस."
मी म्हणालो, ते तिला उकरत होते. तू हसत होतास.
तो उठला. चावडीवर येऊन खरे सांग, एवढेच म्हणाला. चहा केला होता. घेतला नाही.

६ मार्च
खरे सांगितले तर कुदळी परत येतील. नाही सांगितले तर गहू जाईल आणि आईचे नाव…
कि.ला मूर्ख म्हणणे सोपे आहे. त्याला निदान माहीत नव्हते.

९ मार्च
रविवार. गावात न जाता सरळ शेतात. चावडीवर गेलो नाही. जाणार की नाही, माहीत नाही.
अकराही खड्डे बुजवले. मातीत चकाकणारे तुकडे होतेच, तसेच आत गेले. आईजवळ थोडा बसलो. रस्त्यावरून दोघे गेले, मान फिरवून.
मग खोपीतला विळा घेतला आणि बांधाच्या कडेची गव्हाची पात कापायला धरली. सवय राहिली नाही, बोट कापले. दुपारपर्यंत दीड पात झाली. पेंढ्या बांधून उभ्या केल्या. भाकरी खाल्ली. कॅनॉलवर जाऊन घागर भरून आणली आणि राहिलेली अर्धी पात काढायला बसलो.