वत्सलाला दिलेले अंजिराचे फाटे

घनसावंगी, ९ जानेवारी १९९४

वत्सला दुपारच्या एसटीनं चिखलदऱ्याला परत गेली. माझी लहान बहीण. तिनं आजवर अंजीर फक्त खाल्लंय, लावलं न्हाई. सकाळी विहिरीपाशी उभी राहून म्हणाली, "दादा, आमच्या थंडीत कोणतं जगंल? दौलताबादी का पुणेरी? ऑपरेशन झाल्यापासून यांच्यानं खड्डे खणवत न्हाईत. एकदाच लावणार."

चार माणसं ऐकत होती. मी म्हणलो, "दौलताबादी. बिलकुल डोळे झाकून लाव."

का म्हणलो? तिकडचा हिवाळा मी कधी पाह्यला? दोन्ही झाडं माझ्या विहिरीवर जगली, एवढंच मला माहीत. एकेक लावून बघ, म्हणायला काय झाल्तं?

फाटे तिनं ओल्या फडक्यात गुंडाळले आणि मांडीवर घेऊन बसली. गाडी सुटताना खिडकीतून विचारलं, "कडाक्यात झाकायचं कशानं?"

"गोणपाटानं," मी लगेच. तेही अंदाजानंच. तिनं मान डोलावली, फडकं आणखी घट्ट केलं. ते ओलं फडकं काही डोळ्यापुढून जात न्हाई.

तीस वर्षं वर्गात पोरांना सांगत आलो, उत्तर येत नसंल तर हात वर करू नका. आज मीच दोनदा केला.