सदाचं कार्ड

१२ फेब्रु. ७८, रवि. पिंपरी

काल रामभाऊंचं पत्र आलं. अधिक महिन्यामुळं सदाचं वर्षश्राद्ध पुढं सरकलंय, १२ मार्चला आहे. 'जरूर येणे, शालन वाट बघते.' रामभाऊ म्हणजे सदाच्या बायकोचे, शालनवहिनींचे भाऊ. सदा गेल्यावर वहिनी इथली खोली सोडून त्यांच्याकडंच राहायला गेल्या. मूलबाळ नाही.

सुमन पत्र वाचत होती, मी दाढी करत होतो. गाल कापला.

कुठल्या तोंडानं जाऊन पानावर बसू? त्याआधी वहिनींना सांगायलाच हवं. सुमनलाही आजच सांगितलं, वर्षानंतर. तिचे हात कणकेतच राहिले. मग म्हणाली, "पत्रानं नको. समोर बसून सांगा."

१५ फेब्रु., बुध.

पाच दिवसांची रजा मिळाली. सुपरवायझर म्हणाला, "काय राव, यंदा सायकलवर एकटेच?" हो म्हटलं.

गेल्या वर्षीचं या वहीत काहीच नाही. दोन पानं कोरी सोडलेली आहेत. आज लिहून टाकतो, म्हणजे तोंडाला सवय होईल.

रविवारी, २० फेब्रुवारीला, आम्ही दोघं रामभाऊंच्या मळ्यात होतो. सोमवारी सकाळी द्राक्षांची तोडणी होती, सदाला ती बघायची होती. रजा संपलेली. म्हणाला, "माझंही कार्ड मार ना. पहाटे थोडी तोडणी बघून निघतो, जेवणाच्या सुट्टीत आत शिरतो." आमच्या खात्यात हे सगळेच एकमेकांसाठी करतात. लग्न असो, पोराचा ताप असो, शेजारी कार्ड मारतो. त्यानंही माझं दोनदा मारलंय. मी रविवारी परतलो, दमलो होतो, वहिनींकडं निरोप द्यायचाही कंटाळा केला. सोमवारी फर्स्ट शिफ्टला हजेरीच्या घड्याळात दोन कार्डं घातली, माझं आणि त्याचं.

सदानं तोडणी बघितलीच नाही. अंधारातच निघाला. खेडच्या घाटात उतारावर सायकल घसरली, तो खालच्या झुडपात पडला. रस्त्यावरून दिसत नव्हता.

तो रविवारी आला नाही म्हणून वहिनी सोमवारी दहा वाजता गेटवर आल्या. गेटवरच्या म्हाताऱ्यानं रॅकमधलं कार्ड बघितलं आणि सांगितलं, "आत आहेत, बाई." त्या घरी गेल्या. मी आत मशीनवर. त्या आल्याचं मला कुणी सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीतही सदा आला नाही, वाटलं, तोडणीत रमला असेल.

संध्याकाळी एका मेंढपाळाला तो सापडला. धुगधुगी होती. खिशात कंपनीचा पास, म्हणून कंपनीत फोन आला आणि मला घरून बोलावून पाठवलं. पोचेस्तोवर संपलं होतं. डॉक्टर मला एकट्यालाच म्हणाले, "रक्त फार गेलं. दुपारपर्यंत आणला असता तर वाचला असता."

मंगळवारी रॅकमधून त्याचं कार्ड काढलं आणि घरी बंबात घातलं. सगळ्यांनी ठरवलं की म्हाताऱ्यानं शेजारचं कार्ड वाचलं. बोलणी त्यानं खाल्ली. मी गप्प.

हे असं आहे.

१६ फेब्रु., गुरु. चाकण

सकाळी निघालो. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर चहा. चाकणपर्यंत एका दमात येता येतं, पण आमची पद्धत टंगळमंगळ करत जायची. सदानं लायब्ररीतल्या एका मासिकात वाचलं होतं की परदेशात लोक सायकलवरून द्राक्षांचे डोंगर बघत फिरतात, एका देशात नाश्ता आणि दुसऱ्यात जेवण. म्हणाला, "त्यांचे देश बदलतात, आपले तालुके बदलतील. द्राक्षं तीच." तेव्हापासून दर फेब्रुवारीत हवेली, खेड, आंबेगाव, जुन्नर. सहा वर्षं.

कुणी बोलायला नाही. दोनदा मागं वळून बघितलं. चाकणला कांद्याच्या गाड्यांची गर्दी, धर्मशाळेत जागा मिळाली.

१७ फेब्रु., शुक्र. मंचर

खेड घाट. सदा म्हणायचा, सीटवर बसून घाट चढणं म्हणजे घाटाचा अपमान. त्यामुळं आम्ही नेहमी सायकल हातात धरून, गप्पा मारत चढायचो. आजही हातातच धरली. त्या वळणावर थांबेन असं ठरवलं होतं. नाही थांबलो. मान खाली घालून पुढं गेलो. वर पोचल्यावर रडू आलं. ट्रकचा क्लीनर ओरडला, "काय दादा, पंक्चर का?" हो म्हटलं. खोटं किती पटकन तोंडात येतं माझ्या.

मंचरला मिसळ. अर्धी टाकली.

१८ फेब्रु., शनि. रामभाऊंचा मळा

नारायणगाव सोडलं की दोन्ही बाजूंना मांडव. यंदा माल चांगला आहे. मळ्यात पोचलो तेव्हा वहिनी विहिरीवर होत्या. घागर खाली ठेवली, पदर नीट केला.

"भावजी! येकटंच आलं सायकलवर?"

मग घागर उचलून त्या घराकडं वळल्या. मी मागोमाग.

रामभाऊंनी आग्रह करकरून जेवू घातलं. वहिनी वाढत होत्या. "ह्यांना ठेचा लागतो, माहीत हाय मला." वाळल्यात फार. आज नाही सांगता आलं. रामभाऊ समोरच होते, हे एक निमित्त.

१९ फेब्रु., रवि. मळा

सकाळी रामभाऊ म्हणाले, चला, तुमची शीव बघून येऊ. आळेफाट्याच्या पुढं नगर जिल्हा लागतो, तिथवर दोघं गेलो. दरवर्षी सदा एक पाय नगरमध्ये आणि एक पुण्यात ठेवून उभा राहायचा, बियांची द्राक्षं खायचा आणि बिया नगरकडं थुंकायचा. "परदेशात पेरणी," म्हणायचा. रामभाऊंना ते आठवून हसू आलं आणि मग त्यांनी डोळे पुसले. त्यांना वाटतं, मी त्याच्या आठवणीसाठी आलोय.

दुपारी रामभाऊ पेट्या घालायला फाट्यावर गेले. वहिनी मांडवाखाली पेट्या भरत होत्या, खाली गवत आणि वर घड. मी समोर बसलो आणि सांगितलं. कार्ड, म्हातारा, बंब, सगळं. मध्ये थांबलो नाही.

त्यांचे हात चालूच होते. एक पेटी भरली. दुसरी घेतली.

"किती वाजता मारलं?"

"सातला."

"मी धाला आले व्हते."

"माहीत आहे."

"आत हायेत म्हनले, तवा मी चिडले. घरला न येता परस्पर कामावर गेले म्हनून. मग पोटभर जेवले, भावजी. झोपले बी दुपारची." आणि मग त्या रडल्या. वर्षभरात कुणापुढं रडल्या नसाव्यात तशा. मी बसून राहिलो. जवळ जायचा हक्क नव्हता, उठून जायचाही नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं. विचारणार हे मला कळायला हवं होतं. आठ दिवस मी फक्त कार्डाचं सांगायची तयारी केली, याचं उत्तरच तयार केलं नाही.

"सकाळीच सापडले असते, तर वाचले असते का वो?"

माझ्याकडं बघत होत्या. हातात घड तसाच.

मी म्हटलं, "नाही, वहिनी. डॉक्टर म्हणाले, मार डोक्याला होता. उपयोग नव्हता."

त्यांनी डोळे मिटले. श्वास सोडला. "मग तुमच्या हातात बी न्हवतं आन् माझ्या बी. खरं सांगितलंत, लई बरं केलंत. मी रोज म्हनायचे, गेटवर जरा भांडले असते तर. आता न्हाई म्हननार." आणि वर म्हणाल्या, "श्राद्धाला पहिलं पान तुमचं. दुसरं कुनी बसनार न्हाई तिथं."

२० फेब्रु., सोम. खेड

पहाटे निघालो. कॅरिअरला वहिनींनी द्राक्षांची पेटी बांधून दिली. नको म्हणता येईना. घाटात उतारालाही सायकल हातात धरूनच आलो. त्या वळणावर आज थांबलो. झुडपं तोडलीत, तिथून खालचं सगळं दिसतं.

खेडमध्ये, सदाला आणलं होतं त्या दवाखान्यावरून जावं लागतं. ते डॉक्टर अजून तिथंच आहेत, बाहेर पाटी आहे. रामभाऊ दर आठवड्याला खेडच्या बाजाराला येतात.

२६ फेब्रु., रवि. पिंपरी

आठवडाभर लिहिलं नाही. सेकंड शिफ्ट होती. गेटवरच्या म्हाताऱ्याला गाठून खरं काय ते सांगितलं. त्यानं चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "माझे डोळे गेले असं समजून मुलानं चष्मा करून दिला, साहेब. दोनदा बदलला." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आज सुमननं विचारलं, "वहिनींना सगळं सांगितलंत ना?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं केलंत."

तिला समाधान वाटलं. संध्याकाळी देवापुढं साखर ठेवली.

माझा जीव हलका व्हावा म्हणून गेलो होतो. माझा झाला नाही, वहिनींचा झाला. आता डॉक्टर खरं काय म्हणाले ते सांगायचं, तर तो हलकेपणा त्यांच्याकडून काढून घ्यावा लागेल. आणि न सांगता त्यांच्या घरी पहिल्या पानावर बसायचं, त्यांनी वाढलेलं खायचं, हेही मला जमणार नाही. सुमनला विचारलं असतं, पण तिलाही आज हो म्हणून बसलोय.

रामभाऊंचं दुसरं पत्र आलंय. आदल्या दिवशीच मुक्कामाला या म्हणतात. पोस्टकार्ड घेऊन ठेवलंय, पत्ताही लिहिलाय. मजकूर अजून लिहिलेला नाही.