लिटरला एकवीस

युझावा, ४ फेब्रुवारी

चि. मिसाओस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

काल सणाला रीतीप्रमाणे भुतं पळवायला दाणे फेकले, आणि एक मूठ मुद्दाम शेजारच्या हिरोसेच्या डिझेल गाडीवर मारली. त्या माणसाची मला आता शिसारी येते. गावच्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून तो रोज एकच पुराण लावतो, की डिझेलसारखं इंजिन नाही, लिटरला अठरा! खिंड चढताना त्याच्यामागे सापडलं की धूर खाऊनच पोट भरतं.

मीही तुझ्या मोटारींच्या मासिकातलं पान कापून हौदाबाहेरच्या भिंतीवर डकवलंय. हायब्रिड, लिटरला बावीस, खाली तुझं नाव. आपल्या गावचा पंप बंद पडल्यापासून तेल मिळतं ते थेट खिंडीपलीकडे, इस्पितळाशेजारी. तुझ्या वहिनीला, तोमिएला, डायलिसिसला आठवड्यातून तीनदा तिकडे न्यायचं, म्हणजे थेंबाथेंबाचा विचार आलाच. तुझ्या शब्दावर ही गाडी घेतली. जुनी पेट्रोलची बारा द्यायची. ही एकवीस देते, तेही भर बर्फात! टाकी काठोकाठ भरून, इस्पितळाच्या फेऱ्यांचं अंतर तेवढ्या तेलाने भागून मोजतो, अंदाजपंचे नाही. हिरोसेचं तोंड बघायला हवं होतंस.

नव्या सीटच्या वासाने तोमिएला गुदमरतं, म्हणून ती हीटर बंद ठेवायला लावते. मला काय, अंगात जंगलतोडीच्या दिवसांतला जाड कोट असतो. तिने तुला धुरावलेला मुळा पाठवलाय.

मोटारींच्या गर्दीत या म्हाताऱ्याला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझा दादा,
शिगेमित्सु


तोक्यो, ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मुळा पोचला, पण तुझं पत्र वाचून तो तसाच बाजूला ठेवला. दादा, तुमच्या खिंडीत एकवीस अशक्य आहेत.

ते बावीस कसे काढतात ते सांगते, म्हणजे तुलाही माझ्यासारखी ओकारी येईल. इंजिन आधीच तापवून ठेवतात. टायरांत हवा ठासून भरतात. डिकीतला जॅकसुद्धा काढतात. थंडीने दात वाजत असले तरी हीटर बंद. आणि चालवायला मी, कारण कचेरीत वजनाने सगळ्यांत हलकी मीच! लेखात मी हे सगळं लिहिलं होतं. संपादकांनी नेमका तेवढाच मजकूर उडवला. म्हणाले जागा नाही, आणि त्या जागेवर त्याच गाडीची जाहिरात लावली. नाव मात्र माझं ठेवलं. अंक हातात घेतला की हात साबणाने धुवावेसे वाटतात.

हायब्रिडचं इंजिन मधूनमधून बंद होतं, म्हणून तेल वाचतं. पण ऊब त्या इंजिनाचीच. हीटर लावला की ते बंद व्हायचं नावच घेत नाही. तुमच्याकडे सोळा-सतराच्या वर आकडा जायला नको.

आणि वासाचं काय घेऊन बसलास? जुन्या गाडीत तू मासळी वाहायचास, तेव्हा वहिनी हीटरच्या तोंडाशी पाय लावून मजेत बसायची. तिला नीट विचार, माझी शपथ घालून विचार.

रागाव हवा तेवढा, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी,
मिसाओ


युझावा, १७ फेब्रुवारी

चि. मिसाओस,
आशीर्वाद.

विचारलं. आधी नुसती हसली. मग म्हणाली, भिंतीवर मिसाओचं नाव लावलंत, अख्खा गाव येता-जाता वाचतो, हिरोसेंसमोर पोरीचं हसं कसं होऊ द्यायचं? पहिल्या टाकीला सतरा आले तेव्हा माझा पडलेला चेहरा तिने पाहिला होता. दुसऱ्याच दिवसापासून तिला गुदमरायला लागलं.

इस्पितळातल्या नर्सने मला बाजूला घेऊन झापलं. सुई टोचायचा हात बर्फासारखा गार येतो, पुन्हा पुन्हा टोचावं लागतं, ती शीर निकामी झाली तर पुढे काय करणार आहात, म्हणाली. तोमिए शेजारी कुडकुडत होती आणि मी कोटात बसून एकवीसची फुशारकी मारत होतो. तुझ्या मासिकाची किळस आली, गाडीवाल्यांची आली, आणि सगळ्यांत जास्त माझ्या जिभेची.

भिंतीवरचं पान फाडून टाकलं. हिरोसेला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला की त्याचे अठराही फक्त उतरणीचे, चढण धरली तर चौदा. एवढ्यासाठी आम्ही दोन म्हातारे हिवाळाभर भांडलो. शी!

आता हीटर पूर्ण सोडतो. आणि आकडा किती, तर तेरा! जुन्या खटाऱ्याहून एकाने जास्त. तुझे सोळा कुठे गेले गं? थुंकतो मी तुझ्या हायब्रिडवर.

तुझ्यावर राग नाही. लोभ आहे तसाच आहे.
दादा


युझावा, २६ फेब्रुवारी

चि. मिसाओस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

यांना न सांगता लिहिते आहे. तेरा आकडा वाचून तू गॅरेजवाल्यांना फोन केलास म्हणे. त्यांना बिचाऱ्यांना त्रास देऊ नकोस, गाडीत काही बिघाड नाही.

माझा हात आता गरम असतो, नर्सबाई एका सुईत मोकळ्या होतात. गाडीत इतकं उबदार वाटतं की परतताना खिंड लागायच्या आत माझा डोळा लागतो. डायलिसिसनंतर घरच्या अंथरुणातसुद्धा मला अशी झोप येत नाही. जाग येते ती दारातच.

परवा हिरोसे मुळा न्यायला आले होते. विचारत होते, वहिनी, शिगेमित्सु इस्पितळातून येताना धरणावर कशाला जातो? गाडी घरावरून सरळ पुढे जाते, धरणाला वळसा घालून येते, तुम्ही झोपलेल्या दिसलात की पुन्हा जाते.

मी यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर लाजून बंद केलं असतं.

काल मला झोप नव्हती, नुसते डोळे मिटून पडले होते. घर आलं ते वळणावरून कळलं. गाडीचा वेग कमी झाला. यांनी माझ्याकडे वळून पाहिलं असावं. मग तेलाच्या काट्याला दबक्या आवाजात एक शिवी हासडली, आणि गाडी हळूच धरणाकडे नेली.

बर्फ वितळायच्या आत एकदा ये, मागची सीट रिकामीच असते.
तुझी वहिनी,
तोमिए