भिंतीला पक्कं कपाट

आई, आम्ही कपाट घेतलं. एवढ्यासाठी कुणी गेलेल्या माणसाला पत्र लिहितं का, असं तू म्हणशील. पण लुडविग्सहाफेनमध्ये स्वतःचा फ्लॅट घेतला, सगळं घर लागलं, तरी बेडरूमची एक अख्खी भिंत कितीतरी महिने रिकामी राहिली, ती माझ्यामुळे. तुझा जावई म्हणायचा, छतापर्यंत कपाट करून टाकू, एकदाची कटकट मिटेल. मी म्हणायचे, बघू. कारण असं कपाट केलं म्हणजे इथंच राहायचं ठरलं, आणि मी तर तुला 'परत येते' सांगून निघाले होते. माझ्या या 'बघू'त आमची लेकही अडकली होती. तिला इथल्याच एका केमिकल कंपनीत लॅबची आउसबिल्डुंग मिळाली होती, म्हणजे पगार घेत शिकायची जागा. त्यांना होकार कळवायचा होता. तिलाही मी तेच ऐकवत होते, की थांब जरा, परत जायचं ठरलं तर काय करशील?

इथं आल्यापासून आमचं निम्मं घर बॅगांतच होतं. टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, सगळे केलरमध्ये, म्हणजे तळघरात; परत जाताना पॅकिंगला लागतील म्हणून. टीव्ही केव्हाच भंगारात गेला, खोका अजून आहे. हसू नकोस, इथल्या आपल्या प्रत्येक घरात असाच एक खोका सापडेल. आणि पलंगाखाली, भिंतीला टेकवून, ती मोठी बॅग. तिच्यात तू दिलेल्या दोन इरकली. 'तिकडच्या थंडीत कुठं नेसतेस, नीट ठेव, आलीस की नेस,' म्हणाली होतीस. मी नीटच ठेवल्या गं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. घर बदलताना बॅग ओढली तर मागची बाजू काळी पडलेली, आणि आत दोन्ही साड्यांवर बुरशी. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, येऊन बघून गेला. बाहेरच्या भिंती थंड असतात, त्यांना काही टेकवून ठेवायचं नसतं, हिवाळ्यातसुद्धा रोज खिडक्या उघडायच्या असतात, हे त्यानं मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. मी जर्मनमध्ये 'या, या', म्हणजे हो, हो करत राहिले, आणि तो गेल्यावर जमिनीवर बसून ढसाढसा रडले. तुझ्या हातचं माझ्याकडे तेवढंच होतं.

त्या दिवशी तू फार आठवलीस, पण साडी देतानाची नाही, त्याच्याही आधीची. तुझी नर्सची नोकरी, दर तीन वर्षांनी बदली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं बाबा म्हणायचे. नव्या गावचं आरोग्य केंद्र, मागं दोन खोल्यांचं क्वार्टर. ट्रक अजून दारात उभा आहे आणि तू स्वयंपाकघरात मांडणी ठोकते आहेस. ताटं-वाट्या तिच्यावर लागल्याशिवाय चहासुद्धा टाकत नाहीस. पेट्या त्याच दिवशी रिकाम्या करून मागच्या पडवीत ढकलतेस. मी मात्र माझी पुस्तकं पेटीतून काढत नाही. आधीच्या गावातली मैत्रीण सुटलीय, राग आहे मनात. कशाला काढू, परत बदली होईलच, असं म्हणते. हातोडी हातात तशीच धरून तू माझ्याकडे बघतेस. 'पाहुणी आहेस का गं या घरात? जिथं जेवायचं तिथं आपली वस्तू मांडायची. उद्याचं उद्या बघू.' आणि मग आंब्याची एक रिकामी पेटी भिंतीला ठोकून मला कप्पा करून देतेस, जुन्या पातळाचा पडदा लावून. मी रुसून तो कप्पा बरेच दिवस वापरलाच नाही. आणि इकडं येऊन मी काय केलं? साड्या बॅगेत ठेवून तुझा शब्द पाळतेय अशा समजुतीत राहिले. तुझ्या घरात कुणी इतकी वर्षं भरलेली बॅग ठेवली असती तर तू ती उचलून अंगणात भिरकावली असतीस.

मग एका शनिवारी आम्ही तिघं फर्निचरच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर कपाट मांडून दाखवणारी मुलगी लेकीपेक्षा थोडीच मोठी असेल. लांब कपडे किती, कोट किती, ती विचारत होती. मी म्हटलं, दांडे कमी कर, घडीच्या कपड्यांना कप्पे जास्त दे, आणि गोधड्यांना एक खोल खण. बुरशीचं सांगितल्यावर तिनं कपाट आतल्या भिंतीकडे वळवलं. शेवटी विचारलं, भिंतीत स्क्रू मारून कायमचं बसवायचं, की घर बदलताना सुटं करून नेता येईल असं हवं? तुझा जावई एरवी मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, 'भिंतीला. पक्कं.' ती गेनाऊ, म्हणजे बरोबर, म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. बिजागऱ्या कसल्या हव्यात हे विचारत होती बहुतेक.

परतताना ट्रॅममध्ये लेक माझ्या शेजारी बसली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. बाहेर बघत म्हणाली, 'आई, डार्फ इश आल्झो ब्लायबेन?' मला ऐकू आलं नाही असं वाटून तिनं एकेक शब्द शोधत मराठीत विचारलं, 'म्हणजे मी राहू शकते ना, इथे?' आई, इथंच जन्मलेली पोर ही. आजवर ती आपल्याच घरात परवानगीची वाट बघत होती, आणि ती मी दिली नव्हती. मी हो म्हणाले. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, आमचा स्टॉप निघून गेला तरी उठली नाही.

हे पत्र पाठवणार कुठं? दादाच्या पत्त्यावर धाडलं तर तो वाचून उगाच हळवा होईल. राहू दे माझ्याकडेच. एकच राहिलं. तू फोनवर विचारायचीस, कधी येणार, आणि मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. तेव्हाही मला इथं करमत होतं, आई. चांगलं करमत होतं. तू असतीस तर हे सांगायची माझी छाती झाली नसती.