पंपाचा कोड हिच्या फोनवर

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण इतिहास घडतो आहे आणि तो लिहून ठेवणारा दुसरा कुणी दिसत नाही. घाटापलीकडच्या पंपहाऊसमध्ये राउटर बसवला. आत मोबाइलचं सिम. आता गावाच्या पाण्याचा पंप मी घरी बसून चालू-बंद करणार. गाडीने तीन तास जा, तीन तास या, हा धंदा संपला. साहेब म्हणाले, बघू. साहेब नेहमी बघूच म्हणतात.

हिला मेसेज केला की यापुढे मी घरीच असेन. ही सध्या बहिणीकडे आहे. थोडे दिवस. मोठी सुटकेस नेली, पण छोटीची चेन बिघडलेली असणार.

उत्तर आलं, बरं.

चांगली सुरुवात आहे.

५ फेब्रुवारी, सकाळ
घरून लॉगिन केलं. पंप बंद केला. चालू केला. परत बंद, परत चालू. अंगात पायजमा. पंपहाऊसच्या चौकीदाराला फोन करून काही कळलं का विचारलं. म्हणाला, साहेब तुम्ही होय, मी घाबरून बाहेर येऊन बसलोय.

पासवर्ड राउटरबरोबर आला तोच ठेवलाय. अगदी साधा आहे. साध्याकडे कोण बघतं.

८ फेब्रुवारी
बघतात. हेड ऑफिसात कॉम्प्युटरची सुरक्षा बघणाऱ्या बाई आहेत, त्यांनी बोलावून स्क्रीन दाखवली. जगभरातले अनोळखी लोक आमच्या राउटरचं दार ठोठावत होते. बाई म्हणाल्या, तुम्ही गावाच्या पाण्याची किल्ली रस्त्यावर टांगून ठेवलीय. मी म्हणालो, आत तर कुणी आलं नाही ना. त्या म्हणाल्या, आलं असतं तर तुम्हाला कळलं असतं का. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी चहाचा विषय काढला.

ठरलं ते असं. उघडं दार बंद. पंपापर्यंत फक्त कंपनीच्या खाजगी मार्गाने जायचं, आणि दर वेळी मोबाइलवर कोड येणार, तो टाकल्याशिवाय आत प्रवेश नाही. मी बाईंना म्हणालो, हेच मी सुचवणार होतो.

११ फेब्रुवारी
सगळं तयार. पासवर्ड इतका अवघड केलाय की माझा मलाच पाठ नाही. लॉगिन केलं. स्क्रीनवर आलं, कोड पाठवला आहे. फोन हातात धरून बसलो. कोड नाही. चहा केला. कोड नाही. नेटवर्कला शिव्या घातल्या, तरी नाही.

तेवढ्यात हिचा फोन. बहिणीकडे गेल्यापासून पहिलाच. म्हणाली, मला हे कसले आकडे येतायत.

मग ट्यूब पेटली. सिम घेताना दुकानदाराने मोबाइल नंबर विचारला, तेव्हा मी हिचा दिला होता, आणि कोडसाठीही तोच नोंदला गेला. सवय. गॅस, बँक, कुरियर, सगळीकडे हिचाच देतो. मला मेसेज आले की कामात लक्ष लागत नाही.

तिने आकडे वाचून दाखवले. लॉगिन झालं. पंप चालू होता. मी थँक्यू म्हणालो, ती म्हणाली, ठेवते.

एकूण चांगलं बोलणं झालं.

१३ फेब्रुवारी
नंबर बदलायची पद्धत वाचली. जुन्या नंबरवर एक शेवटचा कोड येतो, तो टाकायचा, मग नवा नंबर. म्हणजे हिला एकच फोन आणि काम खलास.

पण हे तांत्रिकदृष्ट्या दिसतं तेवढं सोपं नाही. घाई नको. नीट अभ्यास करून मगच.

१६ फेब्रुवारी
सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी लॉगिन. पंप उत्तम आहे. पण उत्तम पंपावरच जास्त लक्ष ठेवावं लागतं, दुर्लक्ष तिथेच होतं.

संध्याकाळच्या कोडनंतर ती म्हणाली, जेवलास का. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. पण प्रश्न तिने विचारला, हे नोंद घेण्यासारखं आहे.

संकल्प: उद्या विचारायचं की परत कधी येतेस.

१७ फेब्रुवारी
नाही विचारलं. कोडची मुदत जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात माणूस आकडे टाकणार की संसाराचं बोलणार.

२० फेब्रुवारी
ही म्हणाली, तो नंबर बदलून टाक ना एकदाचा. मी समजावलं. म्हणालो, कोड पंप चालवणाऱ्या माणसाकडे न जाता बाहेरच्या विश्वासू माणसाकडे जाणं हे उलट जास्त सुरक्षित आहे, मोठ्या कंपन्यांत असंच असतं. हे मी तिथल्या तिथे रचलं, पण ऐकायला बरं वाटलं.

मग साडू फोनवर आला. म्हणाला, साडूभाऊ, ती अंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर नेते, न जाणो पंप थांबला तर.

ऐकून मला फार बरं वाटलं. अजून काळजी आहे म्हणायची.

२३ फेब्रुवारी, सकाळ
लॉगिन केलं, हिला फोन करायला नंबर काढला, तोच माझ्याच फोनवर कोड हजर. साडूचा उद्योग. त्याने हिच्या फोनवर काहीतरी बसवलंय, तिला आलेला कोड आपोआप मला येतो. फोन करायला नको, तिला त्रास नको.

सोय झाली. दिवसभर काही वाटलं नाही. अंडं उकडलं, खाल्लं.

संध्याकाळ
विचारांती लक्षात आलं की साडूची व्यवस्था असुरक्षित आहे. किल्लीची नक्कल काढल्यासारखंच ते. साडूला काढायला लावली. तो म्हणाला, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय. मी म्हणालो, सुरक्षेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

२७ फेब्रुवारी
पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला.

सकाळी ऑफिसातून फोन, टाकीत पाणी चढत नाहीये. मी शांत. अशाच प्रसंगासाठी तर एवढा खटाटोप केला. लॉगिन केलं. हिला फोन. बंद. परत केला. बंद. बहिणीला, साडूला केला, कुणी उचलेना. चौकीदार म्हणाला, मी बटण दाबून बघू का. दाबून उपयोग नव्हता. तिथली बटणं मी मागच्या आठवड्यात सुरक्षेसाठी बंद करून टाकली होती आणि पॅनेलची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये.

तीन तास गाडी. गावात नळापाशी लोक रिकाम्या बादल्या घेऊन उभे. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. पॅनेल उघडलं, रीसेट केलं, पंप सुरू झाला. मग तीन तास परत.

ही कुठल्याशा लॅबमध्ये नोकरीच्या मुलाखतीला गेली होती, म्हणून फोन बंद. ही नोकरी शोधते आहे हेही आजच कळलं. तिकडची नोकरी.

प्रॅक्टिस म्हणून असेल.

२८ फेब्रुवारी
साहेबांची केबिन. बाईही होत्या. बाईंनी विचारलं, कोड जातो तो नंबर कुणाचा. म्हणालो, घरचा. बाईंनी विचारलं, घरच्यांना कंपनीत नेमलंय का. साहेब म्हणाले, बघू. पण आजचं बघू वेगळं होतं. बुधवारपर्यंत कोड माझ्या हातात आला नाही तर राउटर काढणार, आणि मला तिकडे पंपहाऊसवर कायमचं पाठवणार.

संध्याकाळी हिला फोन केला. ती म्हणाली, मुलाखतीच्या आधी फोन बंद करतानाही तुझा पंपच डोक्यात होता. म्हणाली, एवढ्या दिवसांत तू एकदाही विचारलं नाहीस मी कशी आहे. मी कोडच्या मुदतीचं सांगितलं. ती म्हणाली, मग कोड नको असताना करायचा होतास फोन.

हे मला सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

संकल्प: उद्या रविवार. लॉगिन न करता, काम नसताना फोन करायचा. विचारायचं, कशी आहेस. मग परत कधी येतेस. नंबर बदलायचं वगैरे नंतर.

१ मार्च, रविवार
आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. आवाज ठीक होता. फोन केला. बंद. दुपारी बंद. संध्याकाळी बंद.

चार्जर बिघडला असेल.

३ मार्च
कुरियर आलं. पाकिटात सिम. बरोबर चिठ्ठी, आता कोड तुलाच येतील.

म्हणजे हिने नवा नंबर घेतला आणि जुना मला देऊन टाकला. साडूला फोन करून नवा नंबर विचारला. साडू म्हणाला, तिला विचारून सांगतो. मी म्हणालो, अहो मी नवरा आहे तिचा. तो म्हणाला, म्हणूनच विचारतो.

लॅबची नोकरी मिळाली आहे तिला. साडूनेच सांगितलं. मी म्हणालो, अभिनंदन सांगा.

४ मार्च, बुधवार
सिम माझ्या फोनमध्ये टाकलं. फोन वाजायलाच लागला. गॅसचा नंबर लागला आहे. गाडीचा विमा संपतो आहे. तुमच्या दातांची तपासणी राहिली आहे. तुमचं रक्त तपासायची वेळ झाली आहे. भावाकडे राहणाऱ्या माझ्या आईच्या गोळ्या औषधवाल्याने बांधून ठेवल्या आहेत, नेहमीप्रमाणे पोचवू ना. हे नेहमीप्रमाणे कधीपासून चाललंय मला माहीत नाही. मला वाटायचं, हे सगळं आपोआप होतं.

वाचत बसलो. वाईट वाटलं. आधीच वाटायला हवं होतं बहुतेक.

मग लॉगिन केलं. कोड तत्काळ. पंप चालू, दाब बरोबर. बाईंचा फोन आला, त्यांनी विचारलं, आता तुमच्याशिवाय हा कोड कुणाला दिसत नाही ना. म्हणालो, कुणालाच नाही. बाई म्हणाल्या, छान, असंच हवं. साहेबांनीही छान म्हटलं. राउटर राहिला. मी घरीच.

संध्याकाळी परत लॉगिन केलं. काम काही नव्हतं. कोड आला. आकडे मोठ्याने वाचले, सावकाश, ती वाचायची तसे. मग टाकले. पंप चालू होता.