टाकीखालच्या घराची मुदतवाढ

प्रिय शालिनी,

आज सकाळी आपल्या जुन्या जलकुंभाच्या कुंपणावर धोक्याची पाटी लागली आणि त्याखालचे आपले निवासस्थान महिनाअखेर रिकामे करण्याची सूचना माझ्या हाती आली. जे तू असताना सांगावयास हवे होते, ते आता लिहावे लागत आहे.

टाकी कोरडी आहे. पाणी नव्या टाकीवरून जाते. तरीही मी रोज पाचला व्हॉल्व्हपाशी जातो आणि चाकाला हात न लावता परततो.

निवृत्तीच्या वर्षी आपण प्रताप नगरात, मेघाच्या घराजवळ, एक घर पाहिले होते. त्याच्या स्वयंपाकघरात ऊन येत होते, म्हणून लेकीआधी तूच हरखलीस. इथे भरदुपारी टाकीची सावली आणि भिंतींना ओल. मी म्हणालो, "बदली माणूस मिळेपर्यंत कार्यालय मला सोडत नाही."

पान वाढता वाढता तू म्हणालीस, "जन्मभर लोकाईच्या घरी पाणी सोडलं तुम्ही. आता मले माह्या घरावर पाणी सोडाले लावून राहिले."

मी उत्तर काय दिले? "मले नव्हे, मला."

शालिनी, कार्यालयाने मला कधीच अडवले नव्हते. नोकरीच्या आणि या घराच्या मुदतवाढीचा अर्ज दरवर्षी मीच करीत होतो. टाकीवाचून मी कोण, हे मला ठाऊक नव्हते. पण त्यासाठी तुझा खोकला त्या ओलीत का वाढू दिला?

मेघा अजून कार्यालयालाच दोष देते. काल फोनवर म्हणाली, "बाबा, त्या लोकांनी आईला अंधारात कोंडलं. मी तक्रार लिहून राहिली, तुम्ही फक्त सही करा." मी "बघतो" म्हणालो. आता मेजावर तिने आज माणसाहाती पाठवलेली तक्रार आहे आणि शेजारी मुदतवाढीचा माझा नवा अर्ज. दोहोंवर सही माझीच हवी, आणि दोन्ही कागद खोटे.

काल तुझ्या साड्यांखाली माझ्या पहिल्या अर्जाची कच्ची प्रत सापडली, चार घड्या घातलेली. म्हणजे तुला ठाऊक होते. मग एकदाही का विचारले नाहीस? भांडली असतीस, तर कदाचित मी सुटलो असतो. तुझ्यावर हा आरोप करण्याचा अधिकार मला नाही. तरी करतो आहे.

रविवारी मेघा येईल. ती जेवायला बसण्यापूर्वी ही प्रत मी तिच्या हाती देईन आणि ती वाचून होईपर्यंत तिच्यासमोरून उठणार नाही. त्यानंतर तिने मला आपल्या घरी न्यावे की नेऊ नये, हे तिने ठरवावे. नवा अर्ज मी आत्ताच फाडला आहे.

तुझा,
दिगंबर